मदत हवी आहे: माग २ हर्ट्झचा, सेन्सर दाखवतोय ४

मंडळी, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अडलाय.

इथे सोलापूरला पूर्व भागात काकांचा टॉवेलचा कारखाना आहे. पहिल्या मजल्यावर आठ माग. मिनिटाला १२० च्या आसपास ठोके, म्हणजे २ हर्ट्झ. पण सगळे सारखे चालत नाहीत. एक १२० वर, शेजारचा १२४ वर. त्यामुळे दर पंधरा सेकंदांनी दोघांचा ठेका जुळतो, स्टीलच्या ग्लासातलं पाणी थरथरतं आणि परत शांत होतं. खालच्या काकूंची रोज तक्रार. स्लॅब किती हलतो ते मोजायचंय.

हॅकसॉ ब्लेडचं एक टोक डबीत घट्ट आवळलं, दुसऱ्या टोकाला वजनासाठी नट. १ मिमीची प्लॅस्टिक फायबर (प्रकाश वाहून नेणारी तार) मधोमध कापून एक तोंड ब्लेडवर, दुसरं समोर स्थिर. एका बाजूने लाल एलईडी, पलीकडे फोटोडायोड, म्हणजे प्रकाशाचे व्होल्ट करणारा. ब्लेड हललं की प्रकाश कमी-जास्त. आधी १०० हर्ट्झचा कचरा येत होता, तो ट्यूबलाइटचा निघाला. डबीला काळी चिकटपट्टी लावल्यावर गेला.

आता ग्राफवर २ हर्ट्झ जेमतेम, ४ चा सुळका भलामोठा. वर सुताची रुई फटीत बसते, दुपारपर्यंत सिग्नल निम्मा. सर म्हणतात ब्रॅग ग्रेटिंग घे (ठराविक तरंगलांबी परत फिरवणारी फायबर, ताणली की ती तरंगलांबी बदलते), त्यात प्रकाश किती येतो याने फरक पडत नाही, तरंगलांबी बघायची असते. पण ती वाचणारं यंत्र लाखांत. काका माग विकतील काय?

प्रतिसाद
दोन्ही तोंडं अगदी समोरासमोर जुळवलीस ना? तिथंच घोळ आहे. ब्लेड वर गेलं तरी प्रकाश कमी, खाली गेलं तरी कमी. एका हेलकाव्यात दोनदा. म्हणून २ चे ४. एक तोंड अर्धा मिमी खाली सरकव, मग एका बाजूला वाढेल, दुसऱ्या बाजूला घटेल.

दुसरं, नटाच्या वजनाने ब्लेड किती वाकतं ते मोज. अडीच मिमी वाकलं तर त्याची स्वतःची लय १० हर्ट्झच्या आसपास, एक सेंमी वाकलं तर ५. २ च्या जवळ येऊ देऊ नकोस, नाहीतर माग सोडून ब्लेडच मोजशील. रुईसाठी डबी सिलिकॉनने बंद कर.

धागाकर्ता
दादा, सरकवलं! २ चा सुळका आला, आणि पंधरा सेकंदांनी फुगतोय पण, ग्लासातल्या पाण्यासारखा. आता व्होल्टचे मिमी कसे करू?

प्रतिसाद
गॅरेजवाल्याकडून फीलर गेज आण, म्हणजे ठराविक जाडीच्या पत्त्यांचा जुडगा. ब्लेडखाली एकेक पत्ती सरकवत व्होल्ट लिहून घे. माग बंद असताना, शुक्रवारी लाइट जाते तेव्हा बॅटरीवर कर.