पॉलिमर की वाफ?

प्रश्न: जमिनीखालच्या खडकात उरलेलं तेल बाहेर ढकलायला पॉलिमर मिसळलेलं दाट पाणी (पॉलिमर फ्लड) सोडावं की वाफ? तेलसाठ्याची खोली 1000 मीटर, तापमान 65 अंश, तेलाची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) 15 सेंटीपॉइज, पर्मिएबिलिटी (खडकाची द्रव वाहू देण्याची क्षमता) 2 डार्सी. वॉटरकट (निघणाऱ्या द्रवातलं पाणी) 70 टक्के. काय निवडावं?

उत्तर १: पॉलिमर. राजस्थानातल्या मंगला क्षेत्राचं तेलही साधारण याच जातीचं, तिथे पॉलिमर फ्लडच केलाय. एवढ्या पातळ तेलाला वाफ कशाला? शिवाय या खोलीपर्यंत बरीच उष्णता वाटेतच जाते.

उत्तर २: सहमत, पण आधी पाणी तपासा. कॅल्शियम जास्त असेल तर एचपॅमची (या कामात नेहमी वापरतात त्या पॉलिमरची) व्हिस्कॉसिटी पडते. विरघळलेलं लोह आणि ऑक्सिजन एकत्र आले तर पॉलिमरच्या साखळ्याच तुटतात. चोकवर (प्रवाह आवळणाऱ्या झडपेवर) शिअरही होतो, म्हणजे वेगाच्या ताणाने साखळ्या तुटतात, म्हणून नमुना चोकनंतर घ्या. द्रावणाचा फिल्टर रेशो (गाळताना शेवटी आणि सुरुवातीला लागणाऱ्या वेळांचं गुणोत्तर) 1.2 च्या आत हवा. वर गेला तर न विरघळलेल्या गुठळ्या विहिरीलगतच्या खडकाची छिद्रं बुजवतात.

प्रश्नकर्ता: लोहाचं लक्षातच नव्हतं. उद्याच नमुना पाठवतो.