सिम्युलिंकचा ऑटो-कोड बोर्डावर मध्येच अडकतो आणि हीटर चालूच राहतो, काय करू?

एक्सट्रूडरवाला

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं पॅनल बनवायचं छोटं वर्कशॉप आहे, गिऱ्हाईक म्हणजे पाईपवाले आणि चटईवाले. एका जुन्या पीव्हीसी पाईप लाईनसाठी कंट्रोलर करून राह्यलोय. हीटरचे सहा झोन, बॅरलचे चार आणि डायचे दोन, आणि त्याच बोर्डावर हॉल-ऑफ, म्हणजे पाईप ओढणाऱ्या मोटरचा स्पीड लूप. मॉडेल सिम्युलिंकमध्ये (मॅटलॅबचं, ब्लॉक जोडून मॉडेल करायचं सॉफ्टवेअर), एम्बेडेड कोडरने त्या मॉडेलवरून सी कोड काढला, बोर्ड एसटीएम३२ एफ१०३ चिपचा, ७२ मेगाहर्ट्झवाला. मोटरसाठी १ मिलीसेकंदाची स्टेप ठेवलीय, तापमान दर २५० मिलीसेकंदांनी वाचतो, टास्किंग सिंगल, म्हणजे दोन्ही कामं एकाच फंक्शनात. टायमर इंटरप्ट फक्त फ्लॅग लावतो, मेन लूप फ्लॅग बघून स्टेप फंक्शन बोलावतो, आणि आधीचा फ्लॅग अजून उतरला नसेल तर ओव्हररन (स्टेप वेळेत संपली नाही) समजून एरर हँडलरला पाठवतो.

सिम्युलेशनमध्ये सगळं एक नंबर. मशीनवर मात्र कधी दोन तास चालतं, कधी पाच मिनिटांत बोर्ड गप. बहुतेक वेळा कोणीतरी सोळा बाय दोनच्या एलसीडीवर सेटिंगचा मेनू उघडलेला असतो. आणि गप झाला की जो हीटर त्या वेळी चालू होता तो चालूच राहतो! ऑपरेटरने एमसीबी पाडली म्हणून बरं, नाहीतर बॅरलमध्ये माल जळून स्क्रू जाम.

वडील म्हणता हे कॉम्प्युटरने लिहिलेलं सी सोड आणि हाताने लिही. पुण्याचा मामेभाऊ गाड्यांच्या ईसीयूवर (गाडीतला कंट्रोलर) काम करतो, तो म्हणतो आमच्याकडे हाताने कोणी लिहीतच नाही. कोणाचं ऐकू? मला वाटतं सगळं मॉडेल डबलमध्ये (६४ बिटच्या दशांश आकड्यांत) आहे त्यामुळे स्लो होत असेल, फिक्स्ड पॉईंट (सगळं पूर्णांकांत) करू का?

तापीकाठचा

बठ्ठा घोळ एलसीडीना शे भो, डबलना नही :)

आता सरळ मराठीत. तुझा एलसीडी आयटूसीच्या (दोन वायरींची बस) पीसीएफ८५७४ चिपवर असणार, १०० किलोहर्ट्झला. एक अक्षर टाकायला त्याला दोन निबल (चार-चार बिट), प्रत्येक निबलला इनेबल वर-खाली, म्हणजे पत्ता धरून पाच बाईट तरी जातात, आणि एका बाईटला ९० मायक्रोसेकंद. म्हणजे अक्षरामागे जवळपास अर्धा मिलीसेकंद. मेनू उघडला की ३२ अक्षरं एकदम, १५ मिलीसेकंद तिथेच गेले, लायब्ररी अडाणी असेल तर २० च्या वर. आणि तुझी स्टेप १ ची. ओव्हररन होणारच, कोड मशीनने लिहिलेला असो की तू.

सिम्युलेशनमध्ये हे दिसत नाही कारण तिथे स्टेपला वेळच लागत नाही, ब्लॉक शून्य वेळात गणित करतो असं धरलेलं असतं. कोडर तुझ्या मॉडेलचं गणित सी मध्ये बरोबर उतरवून देतो, पण ते गणित १ मिलीसेकंदात बसतं की नाही हे तुझ्या चिपवर तूच मोजायचं. कसं मोजायचं तर स्टेपच्या आधी एक पिन वर कर, नंतर खाली कर आणि स्कोप लाव. स्कोप नसेल तर कॉर्टेक्स एम३ मध्येच सायकल काउंटर असतो, डीडब्ल्यूटीवाला, तो वाच आणि सगळ्यात मोठा आकडा साठवून ठेव. सरासरी काढत बसू नको, सरासरीने मशीन अडकत नाही.

एलसीडी मॉडेलमधून पूर्ण बाहेर काढ. मॉडेलने फक्त व्हेरिएबल द्यायचं, ते मेन लूप फावल्या वेळात दाखवेल.

भुसावळ_जंक्शन

वरच्या भाऊंशी सहमत, पण मला जास्त धडकी भरली ती हीटर चालू राहण्याची. त्यावर आधी बोलू, स्पीड लूप गेला चुलीत.

एक्सट्रूडर दादा, तुमचा एरर हँडलर उघडून बघा. एसटीच्या क्यूब टूलने जो बनवून दिला असेल त्यात इंटरप्ट बंद करतो आणि रिकाम्या लूपमध्ये फिरत बसतो, एवढंच असतं. पिनवर जे होतं ते तसंच. एसएसआरची (हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले) पिन त्या क्षणी हाय असेल तर हाय. पीडब्ल्यूएम (चालू-बंदचे पल्स) टायमरवरून देत असाल तर तेही तसंच, सीपीयू मेला तरी टायमर शेवटच्या ड्युटीवर चालत राहतो. कोडरचं यात काही देणंघेणं नाही. तो जी मेन फाईल देतो ती नमुना म्हणून देतो, चूक झाल्यावर मशीनचं काय करायचं ते त्याला कुठून माहिती असणार?

तर हँडलरमध्ये पहिली ओळ सगळे हीटर बंद करायची. मग इंडिपेंडंट वॉचडॉग चालू करा, वेळेवर थोपटलं नाही तर तो चिप रिसेट करतो, त्याचं क्लॉक वेगळं असतं, मुख्य क्रिस्टल बंद पडलं तरी तो रिसेट देतो. त्याला टायमर इंटरप्टमध्ये थोपटू नका, बरेच जण तिथेच टाकतात. मेन लूप लटकला तरी इंटरप्ट चालूच असतो, मग वॉचडॉगला कळणार कसं? दोन्ही रेटची (१ आणि २५० मिलीसेकंदाची) कामं खरोखर झाली असं दिसलं तरच थोपटायचं. रिसेट झाल्यावर एफ१०३ च्या पिना इनपुट होऊन तरंगत्या राहतात, म्हणून एसएसआरच्या ड्राइव्हला पुल-डाउन रेझिस्टर (पिन खाली धरून ठेवणारा) पाहिजेच पाहिजे.

आणि हे सगळं केलं तरी एसएसआर स्वतः खराब होताना बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच बसतो, तिथे तुमचं सॉफ्टवेअर कितीही शहाणं असू द्या. म्हणून मेन कॉन्टॅक्टर पाडणारा वेगळा ओव्हर-टेंपरेचर कट, वेगळ्या सेन्सरवर, बोर्डाशी संबंध नको. पीव्हीसी तापून विघटन व्हायला लागलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. ऑपरेटरच्या नाकाडोळ्यांत जातो आणि बॅरल-स्क्रूलाही खातो.

एक्सट्रूडरवाला

हँडलर बघितला, अगदी तसाच निघाला. हीटर बंदची ओळ टाकली, पुल-डाउन उद्या लावतो. पण मग फिक्स्ड पॉईंटचं काय? एफ१०३ ला एफपीयू (दशांश गणिताचं हार्डवेअर) नाही ना, आणि सिम्युलिंकमध्ये काही न सांगता सगळं डबलच होतं.

चाळीसगावकर

मी अशाच कामात आहे, गाड्यांच्या नाही, पंपांच्या. सहा झोनचे पीआयडी (तापमान राखायचं गणित), तेही सेकंदाला चार वेळा, डबलमध्ये असले तरी ७२ मेगाहर्ट्झला जड जात नाही. स्पीड लूप तेवढा सिंगल प्रिसिजनमध्ये (३२ बिटचा फ्लोट) कर, तिथे दर मिलीसेकंदाला पैसे मोजावे लागतात. आणि सिंगल केल्यावर निघालेला सी डोळ्याखालून घाल, कुठल्यातरी गेनला टाईप द्यायचा राहिला की ती एक जागा गुपचूप डबलमध्ये जाते आणि पुढचं सगळं गणित सोबत ओढून नेते.

फिक्स्ड पॉईंट हौस म्हणून करू नको. समज तू तापमान शंभराने गुणून १६ बिटच्या साईन्ड इंटिजरमध्ये ठेवलं. ३२७.६७ अंशांपर्यंत चालेल, पीव्हीसी १६० ते २०० मध्ये, म्हणजे वाटतं भरपूर जागा आहे. आता थर्मोकपलची (तापमानाचा सेन्सर) वायर तुटली आणि तो वाचणाऱ्या मॅक्स६६७५ चिपचं वाचन टोकाला जाऊन बसलं, १०२३.७५. गुणिले शंभर, १,०२,३७५, हे १६ बिटात मावत नाही, गुंडाळून होतं उणे २८,६९७. म्हणजे कंट्रोलरला वाटतं बॅरल उणे २८६ अंशांवर आहे! हीटर फुल्ल. ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेट याच जातीच्या गोष्टीने गेलं, ६४ बिटचा फ्लोट आकडा १६ बिटात टाकला आणि तो मावला नाही, कोड एरियन ४ वरून जसाच्या तसा आणलेला, तिथे तो आकडा एवढा मोठा व्हायचाच नाही. उडाल्यावर ४० सेकंदांच्या आतच खेळ खल्लास.

करायचंच असेल तर ब्लॉकमध्ये ओव्हरफ्लोला सॅच्युरेट करायची (आकडा न गुंडाळता टोकाला थांबवायची) टिक आहे ती लाव, कोड थोडा वाढेल, वाढू दे. आणि मॅक्स६६७५ वायर तुटल्याचा वेगळा बिट देतो, तो मॉडेलमध्ये आण आणि त्यावर झोन बंद कर.

आता रेटचं. सिंगल टास्किंगमध्ये दर २५० व्या स्टेपला मोटरचं आणि सहाही झोनचं काम एकाच मिलीसेकंदात कोंबलं जातं. मल्टिटास्किंग कर, कोडर स्टेप० आणि स्टेप१ अशी वेगळी फंक्शनं देईल. स्टेप० वरच्या प्रायॉरिटीच्या टायमर इंटरप्टमध्ये, स्टेप१ खालच्या प्रायॉरिटीला, पेंडएसव्हीमध्ये (सॉफ्टवेअरने लावायचा इंटरप्ट) टाक किंवा फ्रीआरटॉसचा (चिपवरची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) टास्क कर. जलद काम वर, हळू काम खाली, हा नियम १९७३ च्या लियू आणि लेलँडच्या पेपरपासून चालत आलाय. कामं कितीही असली तरी सीपीयूचा भार ६९ टक्क्यांच्या आत असेल तर सगळी वेळेत बसतात याची त्यात सिद्धता आहे. दोन रेटमध्ये जिथे सिग्नल जातो तिथे रेट ट्रान्झिशन ब्लॉक घाल, नाहीतर अर्धं जुनं अर्धं नवं वाचन मिळतं, ते पकडणं फार अवघड.

एक खोच आहे. कोडरच्या नमुना मेनमधला ओव्हररन फ्लॅग एकाच टायमर इंटरप्टमध्ये तसाच ठेवला तर कॉर्टेक्स-एमवर तो कधी लागतच नाही, कारण इंटरप्ट स्वतःच्याच डोक्यावर चढत नाही, पेंडिंग होऊन वाट बघतो. म्हणून स्टेप० संपल्यावर टायमरचा फ्लॅग परत लागलाय का ते बघ.

धुळ्याची_लेक

मध्येच विचारते, सॉरी. फायनल इयरला आहे, केळी पिकवायच्या चेंबरचा प्रोजेक्ट आहे. मॉडेल सिम्युलिंकचंच, कॉलेजचं लायसन्स. स्टेप १० मिलीसेकंद आणि मॅक्स६६७५ प्रत्येक स्टेपला वाचते, पण पॉवर दिल्यावर जो आकडा येतो तोच कायम राहतो. कोडरने कोड चुकीचा काढलाय का?

तापीकाठचा

नाही गं ताई. त्या चिपला एक मोजणी पूर्ण करायला ०.१७ ते ०.२२ सेकंद लागतात आणि तू वाचायला चिप सिलेक्ट खाली केलास की चालू मोजणी तिथेच थांबते. दर १० ला वाचतेस म्हणजे ती बिचारी कधी पूर्णच होत नाही. वाचनाला २५० मिलीसेकंदांचा वेगळा रेट दे.

पण मुळात केळीला थर्मोकपल कशाला? चेंबर १६ ते १८ अंशांवर ठेवायचं, तिथे एकदोन अंशांची चूक परवडत नाही. डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर लाव, अर्ध्या अंशाची अचूकता मिळते. फक्त १२ बिटला त्याला ७५० मिलीसेकंद लागतात, स्टेपमध्ये थांबून राहू नकोस, एका फेरीत मोजायला सांग आणि तेवढा वेळ गेल्यावरच्या फेरीत वाच.

एक्सट्रूडरवाला

एलसीडी बाहेर काढला, मल्टिटास्किंग केलं. मेनू उघड-बंद करून पाहिला, आता अडकत नाही, स्टेप० चा सगळ्यात मोठा वेळ ०.३ मिलीसेकंदाच्या आत. वडिलांना स्कोपवर दाखवलं तर म्हणे बरं, पण उद्या गिऱ्हाईकाने सातवा झोन मागितला आणि तुझं ते लायसन्स संपलेलं असलं तर?

चाळीसगावकर

वडिलांचा प्रश्न बरोबर आहे. निघालेला सी मॉडेलसोबत गिटमध्ये (फाईलींच्या आवृत्त्या ठेवायचं टूल) ठेव, कुठल्या रिलीजने काढला ते पण लिहून ठेव, बिल्ड करायला मॅटलॅब लागत नाही. फक्त त्या सी मध्ये हाताने बदल करू नको, पुढच्या वेळी कोड काढला की पुसला जाईल, हाताचं जे काही आहे ते वेगळ्या फाईलीत. आणि होम किंवा स्टुडंट लायसन्सवर काढलेला कोड गिऱ्हाईकाच्या मशीनमध्ये घालता येत नाही, नियमातच नाही, तुझं कुठलं आहे ते तपासून घे. झोन मात्र आत्ताच आठ ठेव मॉडेलमध्ये, दोन बंद ठेवून.

भुसावळ_जंक्शन

आठ ठेवताय तर बंद झोनच्या पिनाही पुल-डाउन करा हो दादा. आणि ओव्हर-टेंपरेचर कटचं काय झालं ते सांगितलंच नाही.