जिव्हेर्नीला मोनेचं घर बघायला जावं का?

पाणकणीस:
मे महिन्यात आईला घेऊन पॅरिसला गेले होते. चारच दिवस हातात, त्यातला एक अख्खा जिव्हेर्नीला दिला. सां-लाझार स्थानकावरून व्हेर्नोंपर्यंत रेल्वे, पुढे बस. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने तिथल्या घरात १८८३ पासून १९२६ साली मरेपर्यंत राहिला. आईने तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तिच्या कपाटाच्या दाराला आतून मोनेच्या तळ्याचं कॅलेंडरचं पान चिकटवलेलं असायचं. म्हणून हा हट्ट.

घरात शिरल्यावर त्याची जुनी चित्रशाळा लागते. भिंती खालपासून वरपर्यंत चित्रांनी भरलेल्या. आई एका चित्रासमोर कितीतरी वेळ उभी राहिली, रंगाचे फटकारे बघत. मग कळलं की तिथली सगळी मोनेची चित्रं नकला आहेत. तिचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. तळ्याच्या प्रचंड चित्रांसाठी त्याने मुद्दाम बांधलेली चित्रशाळा? तिथे आज दुकान आहे. तळ्यावरचा पूलसुद्धा जुना कुजला म्हणून नव्याने बांधलेला.

माझं मत स्पष्ट आहे. दिवस मोजके असतील तर जिव्हेर्नी वगळा. मोने जिथे खरोखर शिल्लक आहे तिथे जा: ऑरांजरी आणि मार्मोताँ ही दोन संग्रहालयं पॅरिसमध्येच आहेत.

परसबाग:
आईंना वाईट वाटलं हे समजू शकतो, पण निष्कर्ष मुळीच पटला नाही. तुम्ही घराच्या भिंती बघितल्यात. त्याची तिथली सर्वांत मोठी कलाकृती बाहेर जमिनीत लावलेली आहे.

१८९३ मध्ये त्याने रेल्वेरुळांपलीकडची जमीन घेतली आणि एप्त नदीच्या फाट्याचं पाणी वळवून तळं करायची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी विरोध केला, परदेशी झाडांनी पाणी नासेल अशी त्यांना भीती होती. तरी त्याने तळं केलं. रस्त्यावरची धूळ पानांवर बसते म्हणून स्वतःच्या पैशाने रस्त्यावर डांबर टाकून घेतलं. इतकं कोण करतं? आणि ती कमळं नव्हेत, कुमुदिनी. पानं पाण्यावर सपाट पडून राहतात, म्हणूनच त्याला मधल्या मोकळ्या पाण्यात आकाश रंगवता आलं.

मी स्वतः बाग करतो. बाग जपणं म्हणजे ती दरवर्षी नव्याने लावणं. मोनेच्या हातचं रोप आज कुठून आणणार? त्याचा मुलगा १९६६ मध्ये वारला, घर कलाअकादमीकडे गेलं, तोवर बागेचं रान झालं होतं. तुळया कुजल्या होत्या. कित्येक वर्षं खपून १९८० मध्ये ते लोकांसाठी उघडलं. हे केलं नसतं तर आज तिथे बघायला काहीच उरलं नसतं.

पाणकणीस:
बागेबद्दल मान्य. बागेला मी नकली म्हटलेलंच नाही. पण लोक 'मोनेचं घर' म्हणून येतात, आणि नकला आहेत हे दारातच ठळक सांगायला हवं. भाविकपणे आलेल्या माणसाला ते नंतर कळणं मला क्रूर वाटतं.

दुपारची गाडी:
पाणकणीसशी सहमत. आम्ही जूनमध्ये गेलो होतो, पुलावर क्षणभर थांबता आलं नाही, मागून रेटा सुरूच. ज्याने एकाच जागी तासन् तास बसून पाणी बघितलं, त्याच्या जागी आपल्याला थांबायलाच मिळत नाही. मग गेलो कशाला?

घोंगडी:
घराबद्दलच बोलते, कारण मला घर बागेहून जास्त आवडलं. चित्रं नकला असतील, मांडणी मात्र त्याची आहे. पिवळ्याजर्द जेवणघरात जपानी ठसाचित्रं: होकुसाई, हिरोशिगे, उतामारो. अशी दोनशेहून जास्त त्याने जमवली होती. वर निजायच्या खोलीत मित्रांची चित्रं, सेझान, रेन्वार. म्हणजे जेवताना जपान समोर आणि झोपताना मित्र. ही गोष्ट कुठल्याही संग्रहालयात कळत नाही, तिथे चित्रं सुटी करून टांगतात. जेवणघर बघून तळ्यावर गेले तेव्हा तो कमानदार हिरवा पूल कुठून आला ते कुणी सांगावं लागलं नाही.

परसबाग:
घोंगडी, अगदी! आणि पाणकणीस, मार्मोताँमध्ये तुम्ही त्याची शेवटच्या काळातली पुलाची चित्रं बघितलीत का? तांबडी-तपकिरी, पूल ओळखूही येत नाही. त्याला मोतीबिंदू होता, १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्या पुलापाशी उभं राहून आजूबाजूचा हिरवा रंग एकदा डोळ्यांत भरला की मग त्या चित्रांसमोर घशात काहीतरी अडकतं. माझं तसं झालं होतं.

पाणकणीस:
आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ती तुमच्या बाजूची निघाली. म्हणते, नकलेचं दुःख झालंच, पण तळ्याकाठी मान खाली घालून ढग बघितले, आणि दुसऱ्या दिवशी ऑरांजरीच्या त्या लंबगोल दालनांतल्या तळ्याच्या चित्रांत क्षितिज का नाही ते तिला लगेच उमगलं. मी तिथे तिच्या शेजारीच बसले होते, मला हे बोलली नव्हती.

तरी माझा सल्ला तोच. एकच दिवस असेल तर ऑरांजरी. दोन असतील तर आधी ऑरांजरी, मग जिव्हेर्नी, म्हणजे खरं चित्र डोळ्यांत असताना नकला फसवणार नाहीत.

परसबाग:
उलट. आधी तळं, मग चित्र. त्यानेही तसंच केलं, आधी तळं खोदलं. आणि १ नोव्हेंबरनंतर जाऊ नका, एप्रिलपर्यंत बंद असतं.