दिसायला एकच, पण डिक्शनरीत दोन: मराठी शब्दाची की कशी ठरवावी?

प्रश्न

नमस्कार. जुन्या मराठी मासिकांच्या टंकलिखित मजकुरातून मी शब्दसूची तयार करत आहे. काम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आहे आणि रचना अगदी साधी आहे: शब्द ही डिक्शनरीची की (जिच्यावरून नोंद सापडते ती खूण) आणि तो किती वेळा आला ही संख्या हे तिचे मूल्य. मजकूर अनेक जणांनी निरनिराळ्या कीबोर्डांवर टंकला आहे. सूची छापून पाहिली, तेव्हा 'दऱ्या' हा शब्द दोन ठिकाणी दोन वेगळ्या संख्यांसह आढळला. 'ॲडव्होकेट' आणि 'वाङ्मय' यांचेही तसेच झाले. डोळ्यांना या जोड्यांमध्ये काहीही फरक दिसत नाही.

युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाचे, एनएफसी नॉर्मलायझेशन (समतुल्य लेखने एका ठरावीक रूपात आणणे) करून पाहिले. त्यामुळे थोड्या जोड्या एक झाल्या, परंतु बहुतेक तशाच राहिल्या. एका सहकाऱ्याने मजकुरातील सगळी अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकावीत असे सुचवले आहे, तर दुसऱ्याचे म्हणणे असे की हॅश टेबल (पायथनच्या डिक्शनरीमागची रचना) सोडून ट्राय (शब्द चिन्हागणिक फांद्यांत साठवणारी झाडासारखी रचना) वापरल्यास हा प्रश्नच उरणार नाही. शिवाय सूचीत 'काळ' हा शब्द 'कावळा' आणि 'कासव' यांच्या आधी लागतो, आणि 'क्षितिज' या तीन अक्षरी शब्दाची लांबी ७ येते. या सगळ्याचे मूळ एकच आहे का, आणि दुरुस्ती कोठून सुरू करावी?

उत्तर १

मूळ बऱ्याच अंशी एकच आहे, आणि ते रचनेच्या निवडीत नाही. हॅश टेबल एका कराराच्या आधारावर चालते: ज्या दोन की समान, त्यांचा हॅश (कीवरून काढलेली संख्या) समान असलाच पाहिजे. मात्र समान कशाला म्हणायचे, हे टेबल ठरवत नाही; ते आपण ठरवून द्यायचे असते. आपण काहीच सांगितले नाही, तर पायथन कोड पॉइंटांची (युनिकोडमधील चिन्हांच्या क्रमांकांची) ओळ जशीच्या तशी ताडून पाहतो. ट्रायसुद्धा त्याच ओळीवरून एकेक पाऊल टाकत खाली उतरतो, म्हणून तेथेही 'दऱ्या'साठी दोन वेगळ्या फांद्या फुटतील. फरक एवढाच पडेल की चूक शोधणे अधिक अवघड होईल.

आता 'दऱ्या' उलगडून पाहू. हा शब्द तीन प्रकारे लिहिलेला आढळतो. पहिल्या प्रकारात ०९३१ या क्रमांकाचा 'ऱ', मग हलन्त, मग 'य' असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह आणि मग 'य' असतो. तिसऱ्यात साधा 'र', नुक्ता (अक्षराखालचा टिंब), मग हलन्त आणि 'य' असतो. एनएफसी फक्त तिसऱ्या प्रकाराचे पहिल्यात रूपांतर करते, कारण 'र अधिक नुक्ता' आणि 'ऱ' हे युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य आहेत. जॉइनर असलेला दुसरा प्रकार मात्र तसाच राहतो, आणि तुमच्या दोन नोंदी बहुधा त्यामुळेच आहेत.

'ॲ'ची गोष्ट वेगळी आहे. या अक्षराला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधी 'अ' लिहून त्यावर अर्धचंद्राचे चिन्ह देत असत, आणि कित्येक कीबोर्ड आजही तसेच करतात. या दोन लेखनांना युनिकोडने समतुल्य ठरवलेले नाही, त्यामुळे कोणत्याही नॉर्मलायझेशनने ती एक होणार नाहीत. 'वाङ्मय' या शब्दात काही जण 'ङ' चा पाय मोडलेला दिसावा म्हणून मध्ये झिरो विड्थ नॉन-जॉइनर (अक्षरे जोडू न देणारे अदृश्य चिन्ह) टाकतात, आणि तोही एनएफसीनंतर टिकून राहतो.

अदृश्य चिन्हे सरसकट काढण्याचा सल्ला कृपया पाळू नका. 'दर्‍या' या लेखनातून जॉइनर गेला की मागे 'दर्या' उरतो, म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्या थेट समुद्रात जमा होतात. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांचेही तेच होईल. स्वयंपाक्यांची नोंद गुरूंच्या खात्यात जाईल. मराठीत हा फरक अर्थाचा आहे, निव्वळ सजावटीचा नाही.

म्हणून क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. आधी एनएफसी करावे. मग जेथे जेथे 'र', हलन्त आणि जॉइनर हे तिघे याच क्रमाने येतात, तेथे त्यांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त ठेवावे. 'अ' आणि अर्धचंद्र यांच्या जागी 'ॲ' ठेवावा. हे सर्व झाल्यानंतरच उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढावेत. हे एक छोटे फंक्शन होईल, आणि डिक्शनरीत शब्द घालताना व शोधताना दोन्ही वेळा तेच वापरले पाहिजे. मूळ लेखन फेकून देऊ नका. मूल्याच्या जागी संख्येसोबत मूळ रूपांची यादीही ठेवा, म्हणजे एखादे एकत्रीकरण चुकले तर ते पुन्हा सोडवता येईल.

लांबीबद्दल: 'क्षितिज'मध्ये क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असे ७ कोड पॉइंट आहेत. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट ७ सांगतात. गो आणि रस्ट यांतील लेन यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) मधील बाइट मोजते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून तेथे २१ येतात. ग्राफीम क्लस्टर (वाचकाला एक अक्षर वाटणारा चिन्हांचा गट) मोजणाऱ्या जुन्या लायब्ररी ४ सांगतील, कारण त्या 'क्' आणि 'षि' वेगळे धरत. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षर न तोडण्याचा नियम आल्यानंतर उत्तर ३ येऊ लागले. तुम्हाला शब्द अक्षरांनुसार गाळायचे असतील, तर वापरत असलेली लायब्ररी हा नवा नियम पाळते का, हे आधी तपासा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. वरील क्रमाने फंक्शन लिहिले आणि तिन्ही जोड्या एक झाल्या. यावरून आणखी एक विचार मनात आला. टंकलेखनाच्या चुकाही खूप आहेत. दोन शब्दांत एकाच चिन्हाचा फरक असेल तर ते समान मानावेत, असा नियम याच फंक्शनमध्ये घालता येईल का?

उत्तर २

नाही, आणि याचे कारण गणिती आहे. की ठरवणारे फंक्शन समान शब्दांचे गट पाडते, त्यामुळे त्यातील समानता संक्रामक असावी लागते: पहिला दुसऱ्यासारखा आणि दुसरा तिसऱ्यासारखा असेल, तर पहिला तिसऱ्यासारखा असलाच पाहिजे. एका चिन्हाच्या फरकाला हा गुण नाही. 'काम' आणि 'काळ' यांत एक फरक, 'काळ' आणि 'माळ' यांत एक फरक, परंतु 'काम' आणि 'माळ' यांत दोन. ही साखळी ओढत नेली तर निम्मा शब्दकोश एकाच कीखाली गोळा होईल. जवळचे शब्द शोधण्यासाठी वेगळी रचना लागते; बर्कहार्ड आणि केलर यांनी १९७३ मध्ये मांडलेले बीके-ट्री (शब्दांमधील फरकाच्या संख्येनुसार लावलेले झाड) त्यासाठी योग्य आहे. तिने उमेदवार शब्द सुचवावेत, आणि निर्णय माणसाने घ्यावा.

ट्रायचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयी थोडे लिहितो, कारण शब्द सुचवण्याच्या कामी तो तुम्हाला पुढे उपयोगी पडेल. येथे खरा प्रश्न असा की ट्रायची एक पायरी म्हणजे काय. बाइटची पायरी धरली तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह २२४, मग १६४ किंवा १६५, आणि मग तिसरा बाइट असे उतरते, म्हणजे दर तीन पायऱ्यांपैकी पहिली काहीच सांगत नाही आणि दुसरी जेमतेम दोन वाटा दाखवते. कोड पॉइंटची पायरी धरली तर देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा आहेत. प्रत्येक नोडमध्ये (ट्रायच्या सांध्यात) तेवढे ८ बाइटी पॉइंटर (पुढच्या नोडचे पत्ते) ठेवले तर एका नोडला १०२४ बाइट लागतील आणि त्यांतील बहुतेक रिकामे राहतील. म्हणून नोडमध्ये क्रमवार लावलेली छोटी यादी पुरेशी आहे. अक्षराची पायरी धरली तर 'क' या फांदीखाली 'कमळ' आणि 'कपाट' येतात, परंतु 'काळ' आणि 'क्षमा' येत नाहीत. शब्दकोड्यासाठी नेमके हेच हवे असते. टंकताना सूचना देण्यासाठी मात्र ही रचना चुकीची आहे, कारण 'क्ष' लिहिणारा माणूस आधी 'क' आणि हलन्त यांवरूनच जातो. मी सूचनांसाठी कोड पॉइंटच निवडेन.

क्रमाबद्दलचा तुमचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. युनिकोडमध्ये 'ळ' हा ०९३३ क्रमांकावर, म्हणजे 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे; आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. म्हणून 'कावळा, कासव, काळ' हा क्रम हवा असेल तर प्रत्येक शब्दाची क्रमासाठी स्वतंत्र की तयार करावी लागेल. ती तुलनेच्या फंक्शनमध्ये दर वेळी करू नका. १ लाख शब्द लावताना सुमारे १६ ते १७ लाख तुलना होऊ शकतात, तर सॉर्टला की-फंक्शन दिले की ते १ लाख वेळाच चालते. मराठीचे नियम असलेली आयसीयू ही युनिकोडसाठीची लायब्ररी अशा की तयार करून देते. 'क्ष' आणि 'ज्ञ' शाळेतल्या क्रमाप्रमाणे शेवटी ठेवायचे की जोडाक्षरे म्हणून 'क' आणि 'ज' यांच्याखाली, हे मात्र सूची कोणासाठी आहे ते पाहून तुम्हीच ठरवा.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. फक्त एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. मासिके जुनी आहेत, म्हणजे त्यांत १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वीचे लेखन असणार: 'कांहीं', 'केलें', 'नांव'. हे अनुच्चारित अनुस्वार त्याच फंक्शनमध्ये काढून टाकण्याचा मोह होईल. परंतु त्या लेखनात 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी असा भेद होता, आणि अनुस्वार काढताच तो पुसला जातो. एन्कोडिंगमधील फरक आणि लेखनपद्धतीतील फरक यांसाठी दोन वेगळी फंक्शने ठेवा. पहिले फंक्शन डिक्शनरीच्या कीसाठी नेहमी वापरा. दुसऱ्याने नोंदी एकत्र करू नका, केवळ त्यांच्यामध्ये दुवा जोडा, म्हणजे 'नाव' शोधणाऱ्याला 'नांव'ही दिसेल आणि दोहोंच्या संख्या मात्र वेगळ्या राहतील.