हेवी मेटल संगीत ऐकणाऱ्यांनो, तुम्ही काय वाचता? अनुभव लिहा

कोपऱ्यातली
काल कपाटाचा वरचा कप्पा आवरताना दादाची जुनी कॅसेट सापडली. आयर्न मेडन बँडचा अल्बम, 'पॉवरस्लेव्ह', १९८४. कॅसेटचं काही नाही, पण आतला इनले (गाण्यांचे शब्द छापलेला घडीचा कागद) उघडला आणि आवरणं राहिलंच. घड्यांवर फाटलेला, एका ठिकाणी चिकटपट्टी लावलेली ती पिवळी पडलेली, आणि मुंगीएवढ्या अक्षरांच्या बाजूला दादाच्या हस्ताक्षरात पेन्सिलीने अर्थ लिहिलेले. अल्बट्रॉस = मोठा समुद्रपक्षी. मरिनर = खलाशी. हर्मिट = बैरागी (इथे खोडून 'साधू', परत खोडून 'बैरागी'). सगळ्यात शेवटी 'श्राइव्ह =' आणि पुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या अल्बमचं शेवटचं गाणं पावणेचौदा मिनिटांचं आहे आणि ते कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवर आहे, म्हातारा खलाशी पक्षी मारतो आणि मग जहाजावर जे काही होतं ते. आता गंमत अशी की दादा शाळेत इंग्रजीत कायम काठावर पास. कवितेचं पुस्तक त्याच्या हातात दिलं असतं तर त्याने खिडकीतून फेकलं असतं. आणि हाच प्राणी दार लावून डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायचा, गाणं थांबवायचा, रिवाइंड, परत. आईला वाटायचं पोरगं वाया चाललंय.

तर मला विचारायचंय की असं अजून कुणाचं झालंय का. मेटलमुळे काय वाचलंत, किंवा वाचत असताना मेटल लावता का, काहीही लिहा. आणि श्राइव्हचा अर्थ कुणाला माहीत असेल तर तोही.

डबलबास
रुमाल टाकून ठेवतो. लेकाला झोपवून येतो.

उंबरा
मी शिसं पारा कॅडमियम समजून धागा उघडला, पाण्यातले जड धातू वगैरे :) आता आलेच आहे तर वाचतेय.

जाडभिंग
'वन'. मेटॅलिका. बास, एवढं सांगितलं की ज्याला कळायचं त्याला कळलं.
व्हिडिओ आधी बघितला होता, त्यात मधे मधे कुठल्यातरी जुन्या कृष्णधवल सिनेमाचे तुकडे होते. नंतर कळलं की तो सिनेमा १९७१ चा आणि मूळ कादंबरी १९३९ ची, डाल्टन ट्रम्बोची, 'जॉनी गॉट हिज गन'. पहिल्या महायुद्धातला सैनिक, हात नाहीत पाय नाहीत डोळे कान तोंड काही नाही, फक्त डोकं शाबूत आणि ते उशीवर आपटून मोर्स कोडमध्ये बोलायचा प्रयत्न करतो. त्या पुस्तकात स्वल्पविराम जवळजवळ नाहीतच, त्यामुळे श्वास घ्यायला जागा मिळत नाही, एका रात्रीत संपवलं आणि मग दोन महिने ते गाणं लावता आलं नाही. शेवटचा तो डबल बास ड्रम मशीनगनसारखा सुरू होतो ना, त्याआधीच बंद करायचो.
इनलेच्या अक्षरांबद्दल +१०००. माझा चष्म्याचा नंबर तिथूनच आलाय असं डॉक्टरांनाही सांगून झालं.

बोथटपेन्सिल
चष्म्यावरून आठवलं, प्रोग्रेसिव्ह भिंगं कुणी वापरतं का? जिने उतरताना गरगरतं म्हणतात.

जाडभिंग
@बोथटपेन्सिल पहिला आठवडा गरगरतं मग सवय होते. पायरीकडे बघताना मान खाली घालायची, नुसते डोळे नाही.

दगडफूल
मी वेगळं लिहितो, राग मानू नका. गेली पंचवीस वर्षं मेटल ऐकतोय आणि त्यापायी एकही पुस्तक वाचलेलं नाही. रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारी ती धून, ऐकायला येतो मी. शब्द कळत नाहीत हेच बरं आहे, कळले की अर्ध्या गाण्यांची मजा जाते. हे मेटलवाले सगळे लपलेले विद्वान वगैरे जे चित्र रंगवतात ना ते मला जरा जास्तच वाटतं. हलके घ्या.

कोपऱ्यातली
@दगडफूल राग कसला, हाही अनुभवच की. लिहा अजून.

सूरपारंबी
माझं उलटं, डेथ मेटल ऐकायचं तर बुकलेट हातात हवंच. नाहीतर तो माणूस काय ओरडतोय ते त्यालाच ठाऊक. नाइलच्या अल्बममध्ये तर प्रत्येक गाण्यावर टिपणं असतात, प्राचीन इजिप्तमधला कुठला विधी, कुठला देव, हे कुठून सुचलं, सगळं बैजवार. आधी टिपण वाचायचं मग गाणं, म्हणजे पुरवणी वाचनच. इजिप्तवरची तीन जाडजूड पुस्तकं घरात आहेत ती या एका बँडमुळे, पाहुण्यांना वाटतं मी इतिहासाची प्राध्यापक आहे.

गोळीदोनवेळा
डॉक्टर आहे, ओपीडीच्या मधे लिहितोय, चुका पोटात घाला.
कारकास. सुरुवातीचे दोन अल्बम, १९८८ आणि ८९. शब्द म्हणजे नुसतं पॅथॉलॉजी, तेही मिक्सरमधून काढलेलं. मी पहिल्या वर्षाला होतो तेव्हा पाठ होते. पुढे तोंडी परीक्षेत सरांनी कुजण्याच्या प्रक्रियेवर विचारलं आणि माझ्या तोंडून असा एक शब्द गेला की ते चष्मा काढून म्हणाले हे कुठल्या पुस्तकात वाचलंस. मी म्हटलं सर आठवत नाही. खरं सांगितलं असतं तर आज इथे दुसऱ्याच धंद्यातून लिहीत असतो.

उंबरा
हाहाहा @गोळीदोनवेळा

डबलबास
आलो. झोपला एकदाचा.
वाचताना मेटल लावता का, या प्रश्नाला माझं उत्तर शब्द असतील तर नाही. डोळे एक वाचतात कान दुसरं, मधे माझं डोकं. पण बिनशब्दांचं चालतं. 'द कॉल ऑफ क्टुलू', मेटॅलिकाचंच, नऊ मिनिटांना थोडं कमी, एकही शब्द नाही. नाव लव्हक्राफ्टच्या भयकथेवरून, ती कथा १९२८ साली छापून आली, बँडमध्ये त्याचं वेड आणलं बेसिस्ट क्लिफ बर्टनने. मी ती कथा हे गाणं लूपवर लावून वाचली, रात्री, एकटा, दिवा एकच. चूक झाली. नंतर पाणी प्यायला उठायची हिंमत होईना.
आणि लेक डूम मेटलवर झोपतो हे खरं आहे. अंगाईपेक्षा लवकर. संथ असतं ना, आणि बेस छातीत घुमतो. बायको म्हणते मोठा झाल्यावर याचं खापर माझ्यावर फोडू नकोस.

सूरपारंबी
किती महिन्यांचा आहे? आवाज कमी ठेवा हं, कान नाजूक असतात.

डबलबास
@सूरपारंबी अकरा. अगदी बारीक आवाजात, दुसऱ्या खोलीत.

मधलंपान
टॉल्किनचं सिल्मरिलियन तीनदा सोडलं. तीनदा. प्रत्येक वेळी त्याच जागी, जिथे एल्फांची नावं फ-वरून सुरू व्हायला लागतात, फिनवे फेआनोर फिंगोल्फिन फिनारफिन, आणि कोण कुणाचा सावत्र भाऊ ते डोक्यात राहत नाही. मग ब्लाइंड गार्डियनचा १९९८ चा 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ' हाती लागला, तो अख्खा अल्बम त्याच पुस्तकावर आहे. गाण्यात फेआनोर एकदा चिडलेला ऐकला की विसरत नाही. चौथ्यांदा अल्बम आणि पुस्तक शेजारी ठेवून बसले, एक गाणं मग तेवढी पानं, आणि पार झालं. परीक्षेसाठी गाईड वापरतात तसा मेटल अल्बम वापरलेली मी एकटीच नसेन असं वाटतं.
तसंही अर्ध्या बँडांची नावं टॉल्किनच्या नकाशातून उचललेली आहेत, गॉर्गोरॉथ घ्या, अमॉन अमार्थ घ्या.

जाडभिंग
@मधलंपान आणि ख्रिस्तोफर ली! दरवर्षी लॉर्ड ऑफ द रिंग्ज वाचायचा, सिनेमात सारुमान झाला, आणि २०१३ मध्ये एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाला सम्राट शार्लमेनवरचा मेटल अल्बम काढला. आपण पन्नाशीत गुडघे धरून बसतो.

बोथटपेन्सिल
गुडघ्यांसाठी पोहणं उत्तम. अवांतर थांबवतो.
माझा अनुभव छोटा आहे. मॅस्टोडॉनचा 'लेव्हायथन' (२००४) ऐकून मोबी-डिक घेतलं. अल्बम भन्नाट. पुस्तक ३२ व्या प्रकरणापर्यंत भन्नाट, तिथे लेखक गोष्ट सोडून देवमाशांचे प्रकार सांगत बसतो, मोठे मधले छोटे, पुस्तकांच्या आकारासारखी वर्गवारी करून. एकूण १३५ प्रकरणं आहेत. खूण अजून ३२ वर आहे, काढायची हिंमत नाही आणि पुढे जायचीही. बँडला हे सगळं वाचून वर त्यातून रिफ कसे सुचले कोण जाणे.

मधलंपान
अरे ते प्रकरण उडी मारून पुढे जा ना! कुणी विचारत नाही.

बोथटपेन्सिल
फसवणूक वाटते.

सावलीतलाबाकडा
मेडनच्या 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड'मुळे मी हाइनलाइनची त्याच नावाची कादंबरी वाचली, मंगळावर वाढलेल्या माणसाची. आवडली. म्हणजे दादांसारखंच झालं म्हणायचं.

जाडभिंग
@सावलीतलाबाकडा वाईट बातमी आहे. ते गाणं त्या कादंबरीवर नाहीये. आर्क्टिकमध्ये बर्फात गोठलेल्या एका शोधयात्रीवर आहे. फक्त नाव तेच.

सावलीतलाबाकडा
काय सांगता. मी बर्फ म्हणजे रूपक धरून चाललो होतो इतकी वर्षं. मित्रांना समजावून सांगितलंय मी ते.

दगडफूल
म्हणून म्हणतो रिफ ऐका.

सूरपारंबी
😂😂 @दगडफूल
मेडनचं अजून एक, 'टू टेम अ लँड' हे 'ड्यून' कादंबरीवर आहे (१९८३), गाण्याला नावही ड्यूनच द्यायचं होतं. परवानगी मागितली तर लेखक फ्रँक हर्बर्टकडून नकार, वर निरोप की त्यांना रॉक बँड आवडत नाहीत, त्यातून हेवी आणि त्यातून खास करून आयर्न मेडनसारखे. एवढा अपमान करूनही गाणं आलंच आणि त्याच्यामुळे ड्यून वाचलेले चार जण तर मीच ओळखते. लेखकाला काय माहीत आपला वाचक कुठून येतो ते.

उंबरा
मी मेटल ऐकत नाही पण माझे बाबा... म्हणजे तेही ऐकत नाहीत, पण ऐका. भाऊ साबाटॉन लावायचा, सगळी गाणी युद्धांवर. बाबांनी एकदा वैतागून विचारलं काय बोंबलतोय हा, तर भावाने स्क्रीनवर शब्द दाखवले. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स, 'कॅरोलस रेक्स' अल्बम. बाबांना इतिहासाचं वेड. झालं, तेव्हापासून गाणं ऐकायचं नाही पण शब्द वाचायचे आणि चुका काढायच्या, पुस्तक उघडून. भाऊ त्या बँडचे इतिहासाचे व्हिडिओ आणून उत्तर द्यायचा. जेवायच्या टेबलावर दोघं पोल्टाव्हाच्या लढाईवर भांडतायत (१७०९, आता मलाही पाठ) आणि मी मीठ मागतेय. त्याआधी दोन वर्षं ते एकमेकांशी फारसं बोलत नव्हते, ते असो. मशीन थांबलं, कपडे वाळत घालून येते.

डबलबास
@उंबरा हे भारी आहे.

गोळीदोनवेळा
शेवटचा पेशंट गेला. @कोपऱ्यातली तुमच्या श्राइव्हचं कुणी सांगितलंच नाही की. पाद्र्याने कबुली ऐकून पापातून मोकळं करणं. श्रोव्ह ट्यूजडे मधलं श्रोव्ह तेच. गाण्यात शेवटी तो बैरागी खलाशाला मोकळं करतो ती ओळ.

कोपऱ्यातली
आभार @गोळीदोनवेळा! काल रात्रीच इनलेचा फोटो दादाला पाठवला होता, आत्ता तुमचा अर्थही पाठवला. म्हटलं इतक्या वर्षांनी तरी प्रश्नचिन्ह पुसू. त्याचं उत्तर आलं: "माहितीये. नंतर मूळ कविता वाचली होती, तिथे टीप होती. तेव्हा पेन्सिल सापडली नाही."
आणि खाली: "चिकटपट्टी तू लावलेलीस. तूच फाडला होतास."
हे मला अजिबात आठवत नाही.

दगडफूल
कॅसेट वाजते का पण?

कोपऱ्यातली
प्लेअर कुठाय.