नॅनो सीरम खरंच आत मुरतं का?

परळची_पोरगी:
रानडे रोडवर नायसिनामाइडचं, म्हणजे व्हिटॅमिन बी३चं सीरम बघितलं. ३० मिलीचे १,४५० रुपये! साधं ५५०ला मिळतं. खोक्यावर ठळक ‘नॅनो लायपोसोम’. विक्रेती म्हणे, "मॅडम, साधं वरच राहतं, हे आत मुरतं." ऑक्टोबरच्या उकाड्यात कुर्ला येईपर्यंत माझं सगळं रुमालाला लागलेलं असतं, म्हणून मोह होतोय. घेऊ का?

क्रीमवाली_ताई:
अगं, नायसिनामाइडला कसली पालखी हवी? त्याचा रेणुभार जेमतेम १२२ डाल्टन. साधारण ५०० पर्यंतचे रेणू कातडीतून शिरू शकतात, असा ढोबळ हिशोब आम्ही धरतो. हे साध्या सीरममधूनही जातं आणि लवकर नासतही नाही.

लायपोसोम म्हणजे फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीचे इवलेसे फुगे. खोक्यावरच्या चित्रात ते अख्खे आत घुसताना दाखवतात. बहुतेकदा ते वरच्या मृत थरातच मोडतात, तिथल्या चरबीत मिसळतात आणि आतला माल हळूहळू उतरतो. नवीनही काही नाही त्यात, दिओरने १९८६ मध्येच असं क्रीम आणलं होतं.

पालखी लागते ती नाजूक मंडळींना. आमच्या लॅबमध्ये व्हिटॅमिन सीची एक बाटली खिडकीत राहिली. पाण्यासारखं सीरम, पंधरा दिवसांत कोऱ्या चहाच्या रंगाचं! रेटिनॉलचंही (व्हिटॅमिन एचा प्रकार) तेच, उजेड-हवा सोसत नाही. ते लिपिडच्या कणांत कोंडलं तर टिकतं, हळू सुटतं, चुरचुरही कमी होते. तिथे मी जास्त पैसे मोजेन. तेही बाटली पंपाची असेल तरच. ड्रॉपर उघडून उघडून हवा आत घालायची, मग नॅनोचं काय लोणचं घालायचंय?

चेंबूरचे_आजोबा:
नातवाच्या सनस्क्रीनमध्ये नॅनो झिंक ऑक्साइड आहे. तेही आत जातं का हो?

क्रीमवाली_ताई:
नाही आजोबा, धडधाकट कातडीवर ते वरच राहतं आणि वर राहणं हेच त्याचं काम. कण बारीक करतात ते चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसू नये म्हणून. फक्त स्प्रे नको, श्वासावाटे जातो.

परळची_पोरगी:
५५०वालं घेतलं. पण ताई, रुमालाचं काय?

क्रीमवाली_ताई:
रात्री लाव गं.