एबीसीएल का बुडाली, आणि छोट्या पडद्याने नेमके काय तारले?

जुनी_इंदूर:
आमच्या इंदूरच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याला एक जण बोलतो. या खेपेस 'कलावंत आणि धंदा' हा विषय माझ्या वाट्याला आला असून मी अमिताभ बच्चन निवडले आहेत. १९९५ साली त्यांनी अमिताभ बच्चन कॉर्पोरेशन लिमिटेड काढली आणि जुलै २००० मध्ये ते 'कौन बनेगा करोडपती' घेऊन आले, इतके सर्वांनाच ठाऊक आहे. मला मधल्या पाच वर्षांचा उलगडा हवा आहे. एवढे मोठे नाव पाठीशी असताना कंपनी बुडाली कशी, आणि एका कार्यक्रमाने सगळे कर्ज फिटले हे म्हणणे कितपत खरे आहे?

निवृत्त_बँकवाला:
चित्रपटांची निर्मिती व वितरण, संगीत, दूरचित्रवाणी आणि समारंभांचे आयोजन हे सारे त्या कंपनीने एकाच वेळी अंगावर घेतले. यातल्या प्रत्येक धंद्यात पैसा अडकण्याची मुदत वेगळी असते, पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. १९९६ साली बंगळुरूला भरवलेली 'मिस वर्ल्ड' स्पर्धा निदर्शनांनी गाजली, पोहण्याच्या पोशाखाची फेरी तर सेशेल्सला न्यावी लागली, आणि पुढच्याच वर्षी 'मृत्युदाता' कोसळला. १९९९ मध्ये 'प्रतीक्षा' बंगला विकण्यास मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. कर्ज सुमारे ९० कोटींचे होते, असे त्यांनीच पुढे सांगितले. मी स्वतः वर्षानुवर्षे कर्जाचे कागद तपासले आहेत. अर्जदार नामांकित असला की वरिष्ठ येणी-देणी न बघता हमीपत्रावरची सही आधी बघत. नावाचा लिलाव करता येत नाही, हे वसुलीच्या वेळी कळायचे.

सियागंजकर:
बँकवालेसाहेबांचा मुद्दा मान्य आहे, पण माझ्या मते दोष गल्ल्यावर कोण बसले होते याचा आहे. आमच्या सियागंजातल्या किराण्याच्या पेढीत आजोबा रोज संध्याकाळी उधारीची वही स्वतः वाचत. ज्या वर्षी आजारपणामुळे ते जमले नाही, त्या वर्षी मुनीम प्रामाणिक असूनही येणे दुपटीने थकले. बच्चन यांनी कारभार व्यवस्थापकांवर सोपवला होता. 'करोडपती'त सगळेच उलट होते. खेळाचा साचा ब्रिटिश, वाहिनी स्टार प्लस, निर्मितीची धुरा सिद्धार्थ बसूंकडे. यांचे भांडवल शून्य, फक्त मेहनताना. बोलणे आणि समोरच्याचे ऐकून घेणे, एवढेच त्यांच्याकडे होते आणि ते त्यांना उत्तम येत होते. (आमच्या धंद्यात याला दलाली म्हणतात, आणि ती कधी बुडत नाही.)

मल्हारगंजची_माई:
एकट्या कार्यक्रमाला श्रेय देणे मला पटत नाही. काम मागायला ते स्वतः यश चोप्रांकडे गेले, त्यातून आलेला 'मोहब्बतें' त्याच वर्षी ऑक्टोबरात लागला, आणि जाहिरातींची रांग त्यानंतरची. तरीही त्या जुलैची आठवण सांगते. आमच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर पोरे चिठ्ठीवर नंबर लिहून उभी असत, लाईन लागत नसे आणि बूथवाले काका वैतागून पंखा बंद करीत. रात्री नऊला गल्ली ओस पडायची. सिनेमातल्या माणसाने टीव्हीवर येणे म्हणजे उतरती कळा, असे तेव्हा आमच्या घरीही म्हणत. दोन आठवड्यांत तेच लोक शेजाऱ्यांना गप्प बसवू लागले. २००७ च्या पर्वात त्या खुर्चीवर शाहरुख खान होते, पण २०१० पासून सोनीवर पुन्हा बच्चनच आले. कंपनीही संपली नाही. एबी कॉर्प या नावाने तिनेच २००९ साली 'पा' काढला.

जुनी_इंदूर:
आपणा सर्वांचा आभारी आहे. आता मी सुरुवात 'मिस वर्ल्ड'ऐवजी हमीपत्रापासून करीन. बँकवालेसाहेब, रविवारी संध्याकाळी आपण मोकळे असाल, तर कट्ट्यावर याल का? हमी आणि तारण यांतला फरक विचारला गेला, तर माझी पंचाईत होईल.